अडवलं कुणी होतं?

मैत्रिणींनो,

या अंकाचा विषय 'लग्न' ठरला, तेव्हा संपादकीय कोणी लिहायचं यावर बैठकीत थोडी चर्चा झाली. कायद्यावर लिहिणाऱ्या आपल्यात आहेत, आकडेवारी मांडणाऱ्या आहेत. मी म्हटलं, मला सिनेमावर लिहू द्या. दोघीतिघी हसल्या. पण लग्न म्हणजे काय, हे मला आईने जेवढं शिकवलं नाही तेवढं सिनेमाने शिकवलं, आणि त्यातलं पुष्कळसं पुढे चळवळीत येऊन पुसून काढावं लागलं. तेव्हा विषय सोडून काही लिहीत नाहीये.

आधी कबुली. मी सिनेमावेडी आहे, आणि चळवळीत आल्यावर कितीतरी वर्षं हे वेड मी लपवून ठेवलं. हिंदी सिनेमा बाईला बाहुली करतो, सती करतो, तिला रडवतो, हे आपण शिबिरांतून सांगत होतो आणि ते खोटंही नव्हतं. शिबिरात भांडी घासताना तोंडून लताचं गाणं निघालं की मी जीभ चावायची आणि घाईघाईने मोर्चाचं गाणं सुरू करायची.

१९९१ साली 'माहेरची साडी' आला. अलका कुबलच्या त्या सोशीक सुनेला बघायला बायका थव्याथव्याने येत होत्या, हुंदके देत बाहेर पडत होत्या. आमच्या गटाने ठरवलं, थिएटरबाहेर पत्रकं वाटायची. 'सोसणं म्हणजे संस्कार नव्हे' अशा अर्थाचा मजकूर मीच लिहिला होता. पत्रक हातात घेऊन एक बाई थांबली. म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर असंल. पण इथं अंधारात रडायला मिळतं. घरी रडलं की समदी इचारत्यात, काय झालं म्हणून." पदराने डोळे पुसून ती बसस्टँडकडे गेली. उरलेली पत्रकं मी पिशवीत टाकली. ती बाई सिनेमाला फसलेली नव्हती. दोन-अडीच तासांचा आडोसा तिने तिकीट काढून विकत घेतला होता. त्या दिवसापासून सिनेमावर बोलताना मी जरा जपून बोलते.

आता माझ्याच एका सिनेमाची गोष्ट सांगते.

१९७३ सालचा पावसाळा. माझं लग्न होऊन सहा-सात महिने झाले होते. हृषीकेश मुखर्जींचा 'अभिमान' लागला होता. जया भादुरी आणि अमिताभ बच्चन यांचं जूनमध्येच लग्न झालेलं, जुलैमध्ये सिनेमा आला. पडद्यावरचं जोडपं खरोखरीचं नवं जोडपं म्हणून लोक बघायला जात होते. आम्हीही गेलो. सचिनदेव बर्मनांची ती गाणी ऐकताना जीव तुडुंब भरून आला.

गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकींना माहीत असेल. सुबीर नावाजलेला गायक. खेड्यातल्या उमाचं गाणं ऐकून तिच्यावर भाळतो, लग्न करतो. तिने गावं हा हट्टही त्याचाच. मग हळूहळू तिचं नाव त्याच्यापुढे जातं आणि त्याला ते सोसत नाही. ती गाणं थांबवते, तरी दुरावा मिटत नाही. ती माहेरी जाते, पोटातलं मूल जातं, ती दगडासारखी होते. शेवटी मंचावर दोघांच्या गाण्यात तिला रडू फुटतं आणि संसार पुन्हा उभा राहतो.

आम्ही दोघंही रडलो. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "पुरुषाचा अहंकार किती वाईट!" मला भरून आलं. असा विचार करणारा नवरा मिळाला, असं वाटलं. तो प्रामाणिकपणेच बोलला होता, हे मी आजही सांगेन.

या सिनेमावर मी अन्याय करणार नाही. तेव्हाच्या मानाने त्याने मोठी गोष्ट केली. नवरा खलनायक नसतानाही घर कसं आतून पोखरतं, हे त्याने दाखवलं, आणि शेवटी सुबीरलाच वाकायला लावलं. पण पन्नास वर्षांनी एक गोष्ट खटकते. नवऱ्याला दुखतंय म्हटल्यावर उमाने गाणं बाजूला ठेवलं, यात थिएटरातल्या कुणालाच काही नवल वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

माझं माहेर मिरजेचं. तंबोऱ्यांचं गाव. नऊ वर्षं मी गाणं शिकले होते आणि वडिलांनी तिथल्याच एका कारागिराकडून माझ्यासाठी तंबोरा करून घेतला होता. तो माझ्याबरोबर पुण्याला सासरी आला. दोन खोल्या, सहा माणसं. नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं, आणि रियाजाची वेळही तीच. दुपारी सासूबाईंचा डोळा लागायचा. संध्याकाळी स्वयंपाक. पहिल्या वर्षी तंबोरा खुंटीला होता, दुसऱ्या वर्षी गवसणी घालून कपाटावर गेला, मुलगा रांगायला लागला तेव्हा माळ्यावर. कुणी "गाऊ नकोस" म्हणालं नाही. सासूबाईसुद्धा नाही. उलट आमचं घर गाण्याचं म्हणून ओळखलं जायचं. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला चुकायची नाही. पुढे नवऱ्याने कॅसेटींनी एक कपाट भरलं. कुठलं गाणं कुठल्या साली, संगीत कुणाचं, त्याला तोंडपाठ. पाहुण्यांना तो हौसेने सांगायचा, "आमच्याकडे हीसुद्धा गायची बरं का." 'गायची.' भूतकाळ. माझ्याही ते कानाला लागलं नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत, टाळेबंदीच्या थोडं आधी, आम्ही दोघं 'थप्पड' बघायला गेलो. भर पार्टीत नवऱ्याने मारलेली एक थप्पड आणि ती विसरायला नकार देणारी बायको. त्यावर खूप लिहून झालं आहे. मला मात्र धरून ठेवलं त्यातल्या आईने. रत्ना पाठक शहांनी केलेली ही आई एकेकाळी गाणारी. भल्या, समंजस नवऱ्याला वाटतं, आपण कधी तिला अडवलं नाही. आणि ती त्याला शांतपणे सांगते की अडवलं नाही हे खरं, पण कधी गा असंही म्हटलं नाही.

परतताना रिक्षात आम्ही गप्प होतो. घराजवळ आल्यावर नवरा म्हणाला, "मीही तुला कधी अडवलं नव्हतं."

"नाही अडवलंत," मी म्हटलं. (चळवळीत एवढी वर्षं काढूनही 'अहो' काही सुटलेलं नाही.)

"मग मी विचारायला हवं होतं का?"

"हो. आणि मी सांगायला हवं होतं."

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती सांगितली नसती. सिनेमासारखीच गोड झाली असती. टाळेबंदीत एका दुपारी तंबोरा खाली काढायचं ठरलं. मुलगा माळ्यावर चढला. तंबोऱ्याच्या तारा गंजलेल्या, भोपळ्याला चीर गेलेली. आणि तंबोऱ्याला टेकून एक निळी पिशवी होती. तिच्यात सुनेचे मैदानावरचे बूट, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या आणि शिट्टी.

माझी सून राज्य पातळीवर खो-खो खेळलेली. लग्नानंतरही दोन वर्षं ती संध्याकाळी मुलींना शिकवायला मैदानावर जायची. बाळ झालं आणि थांबली. मी तिला कधी अडवलं नव्हतं. उलट बायांनी मैदानावर दिसलं पाहिजे, असं भाषणात सांगताना मी तिचं उदाहरण द्यायची. तेही भूतकाळात.

निर्बंध उठल्यावर मी तिला विचारलं, "पुन्हा जात का नाहीस?" ती म्हणाली, "जाईन की आई. पण सहा ते आठ बाळाला कोण बघणार?"

सहा ते आठ ही आमच्या बैठकीची वेळ. तिच्या बाळाला ती घरी बघत होती म्हणून मी बाईच्या मुक्तीवर बोलायला बाहेर पडू शकत होते, आणि हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. सुबीरला मी नावं ठेवली. पण त्याला निदान कळत तरी होतं की आपल्याला काहीतरी टोचतंय.

आता आमच्याकडे वार वाटून घेतले आहेत. दोन दिवस मुलगा, दोन दिवस आम्ही म्हातारा-म्हातारी. मुलगा अधूनमधून कुरकुरतो, त्याची वाटाघाटी सूनच करते, मी मध्ये पडत नाही. बैठकीची वेळ मी दुपारची करून घेतली. तंबोरा मिरजेला जाऊन दुरुस्त होऊन आला. माझा आवाज दुरुस्त होऊन आलेला नाही. वरचा षड्ज लागत नाही, श्वास पुरत नाही. रोज अर्धा तास बसते, एवढंच. जे गेलं ते गेलं, हेही लिहून ठेवायला हवं.

हे सगळं सांगायचं कारण असं. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईसाठी आपण जो अर्ज भरतो, त्यात मारहाण, हुंडा, दारू, दुसरा संबंध, घरातून काढणं, पोटगी असे रकाने आहेत. ते असायलाच हवेत, आणि जिथे जिवावर बेतलं आहे तिथे तंबोऱ्याची गोष्ट काढू नये. पण "नवरा चांगला आहे, काही त्रास नाही" म्हटल्यावर आपलाही प्रश्न संपतो. गेल्या महिन्यात वस्तीतल्या गटात मी एकच प्रश्न विचारला: लग्नात आपोआप काय सुटलं? आधी सगळ्या गप्प. मग एकीने सांगितलं, सायकल. दुसरी म्हणाली, विहिरीत पोहणं. कुणाची कबड्डी, कुणाचं भजनी मंडळ, कुणाचं स्वतःचं नाव. एक आजी म्हणाल्या, "उताणं झोपणं." सगळ्या खो खो हसल्या. मग हसू थांबलं. जवळजवळ प्रत्येकीने पुढे तेच वाक्य जोडलं, "तसं कुणी अडवलं नव्हतं म्हणा."

सिनेमाने यातलं काही आपल्याआधी पाहिलं आहे. बहुतेक सिनेमे लग्नाशी संपतात, पण १९३७ सालच्या 'कुंकू'मधली नीरा लादलेल्या लग्नानंतरच उभी राहिली. १९८२ च्या 'अर्थ'मधल्या पूजाने परत आलेल्या नवऱ्याला आत घेतलं नाही. २०२१ च्या 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळी सिनेमातली सून स्वयंपाकघरातून बाहेर पडते आणि शेवटी नाच शिकवताना दिसते. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' बघायला आमचा सगळा गट गेला. थिएटरात नऊवारी नेसून, नथ घालून आलेल्या बायका होत्या, मंगळागौरीच्या खेळांना शिट्ट्या पडत होत्या. मला १९९१ ची ती बाई आठवली. ती असती तर तिला इथे उजेडात हसता आलं असतं. तिने बरोबर कुणाला आणलं असतं, कोण जाणे.

तेव्हा एक सुचवते. आपापल्या मंडळात 'अभिमान' लावा. गाणी मनसोक्त ऐका, बरोबर गा, लाजू नका. शेवटच्या प्रसंगाच्या आधी सिनेमा थांबवा आणि एकमेकींना विचारा, उमाच्या जागी काय काय होतं? घरी गेल्यावर माळाही एकदा बघा. आपली वस्तू सापडेलच, पण शेजारी दुसऱ्या कुणाची आहे का, तेही पाहा. काय सापडलं ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत.

संपादक मंडळासाठी,
तुमची एक मैत्रीण