बशीतले वलय आणि नानांचा अंगठा

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात एक टेबल दर वर्षी ठरलेले असते. काचेच्या चपट्या बशीत आगरचा थर, त्यावर जिवाणूंची दुधट साय, मधोमध पाडलेले लहानसे भोक, भोकात हिरवट अर्क आणि त्याभोवती एक स्वच्छ, गोल वलय. त्या वलयात जिवाणू वाढलेले नसतात. शेजारी पुठ्ठ्यावर कडुलिंबाची नाही तर तुळशीची डहाळी. पालक येतात, वाकून पाहतात आणि समाधानाने मान डोलावतात. ‘आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते,’ हे वाक्य त्या टेबलापाशी मी किती वेळा ऐकले, त्याला गणती नाही. सूक्ष्मजीवशास्त्राचा शिक्षक असूनही मी नुसता हसत आलो.

ते हसणे महागात पडले. मला नव्हे, आमच्या शेजारच्या नानांना.

नाना एस. टी.तून निवृत्त झालेले, मधुमेही. काही वर्षांपूर्वी नवी चप्पल लागून पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती चिघळली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी नानांनी त्या बंद केल्या आणि कडुलिंबाचा पाला वाटून, त्यात हळद घालून बांधायला सुरुवात केली. मी विचारले तर म्हणाले, ‘‘अरे, तुझ्याच पोरांनी दाखवलं ना बशीत! जंतू पार साफ! मग त्या गोळ्या खाऊन पोट कशाला बिघडवून घेऊ?’’ मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि घरी आलो. तीन आठवड्यांनी जखमेतल्या पुवाच्या तपासणीचा अहवाल हाती आला. बारा औषधांची नावे आणि त्यांतल्या नऊ नावांपुढे ‘आर’ हे अक्षर. म्हणजे हे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत. अंगठा काढावा लागला.

पाल्यामुळे अंगठा गेला, असे मी म्हणणार नाही. मधुमेह होता, अर्धवट सोडलेल्या गोळ्या होत्या, आणि त्याआधी दर सर्दी-तापाला दुकानातून परस्पर आणून खाल्लेल्या कॅप्सूलही होत्या. पण मधले तीन आठवडे त्या वलयाने खाल्ले, आणि ते वलय आमच्या टेबलावरचे होते.

वलय खोटे नसते. ते फार लहान प्रश्नाचे उत्तर असते, एवढेच. त्याच बशीत फिनेलचे चार थेंब टाकून पाहा, झकास वलय येईल. नऊ औषधांना न जुमानणारे जिवाणूही फिनेलने मरतील. म्हणून कोणी फिनेल पीत नाही. जिवाणू मारणे अवघड नाही. माणसाच्या पेशींना धक्का न लावता मारणे अवघड आहे, आणि ते बशीत दिसत नाही.

शिवाय मात्रेचे गणित पाहा. विद्यार्थी बहुधा एका मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम अर्क घेतात आणि भोकात त्याचा दहावा भाग सोडतात, म्हणजे दहा मिलिग्रॅम. तुलनेसाठी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कागदी चकतीत औषध असते पाच मायक्रोग्रॅम. दोन हजारपट फरक! अर्क हे शेकडो द्रव्यांचे मिश्रण असते आणि कामाचे द्रव्य त्यात कणभरच असू शकते, हे मान्य. पण मग ते द्रव्य वेगळे काढून दाखवायला हवे, आणि नेमके तेच कष्टाचे काम असल्याने बहुतेक प्रकल्प त्याच्या आधीच ‘आशादायक निष्कर्ष’ लिहून थांबतात. हळदीतले कर्क्युमिन पाहा. बशीत ते करामती दाखवते. पोटात घेतले तर रक्तात जेमतेम उतरते. हळदीने जखम भरते, या ज्ञानावर अमेरिकेत 1995 साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सी.एस.आय.आर.ने लढून 1997 साली रद्द करवले, याचा मलाही अभिमान आहे. पण ती लढाई हे ज्ञान जुने आहे हे सिद्ध करण्याची होती. हट्टी जिवाणूंपुढे हळद किती टिकते, हा वेगळा खटला आहे.

मग वनस्पतींचा नाद सोडावा का? मुळीच नाही. जिवाणू औषधाला दाद देत नाहीत याची कारणे अनेक. त्यांतले एक म्हणजे पेशीत शिरलेले औषध ते बाहेर उपसून टाकतात, जसे कोळी होडीत शिरलेले पाणी डब्याने उपसतो. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवले, की मिऱ्यातले पायपेरीन स्टॅफिलोकॉकसचा हा उपसा रोखते आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा जोर वाढतो. इथे वनस्पती औषधाची जागा घेत नाही, त्याच्या पाठीशी उभी राहते. आपल्या वैद्यांनी अनुपानाचा इतका विचार केला, त्रिकटूत मिरे आणि पिंपळी दोन्ही घेतली, ते आठवून मला हा प्रयोग विशेष आवडतो. (अर्थात पायपेरीनमुळे काही औषधांचे रक्तातले प्रमाणही वाढते, तेव्हा गोळ्यांबरोबर मिऱ्यांचे चूर्ण मनानेच सुरू करू नये.)

असाच प्रकार इंग्लंडातला. नॉटिंगहॅम विद्यापीठात 2015 साली एका सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितातले डोळ्यांचे औषध हुबेहूब बनवले गेले: लसूण, कांद्याच्या जातीची आणखी एक वनस्पती, द्राक्षाची दारू आणि बैलाचे पित्त, नऊ दिवस मुरवलेले. मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस त्याने मोठ्या प्रमाणात मेले. घटक सुटे वापरले तेव्हा तसा गुण आला नाही. परंपरेचा मान राखायचा तर असा राखावा: कृती जशीच्या तशी करून, मोजून, आणि नाही जमले तर तेही छापून.

घाई आहे, हे मीही जाणतो. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंनी 2019 या एका वर्षात जगभरात थेट सुमारे 12 लाख 70 हजार बळी घेतले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये 2022 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे अनेक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम 2014 पासून आहे. तो किती पाळला जातो हे कोपऱ्यावरच्या दुकानात कोणीही पाहू शकतो.

गेल्या प्रदर्शनात तुळशीचा प्रकल्प घेतलेल्या मुलीला मी आणखी एक भोक पाडायला लावले. त्यात अर्क नाही, अर्क ज्यात काढला ते नुसते अल्कोहोल. दुसऱ्या दिवशी तुळशीचे वलय अकरा मिलिमीटर भरले आणि अल्कोहोलचे नऊ. ती हिरमुसली. ‘‘सर, आता टेबलावर काय मांडू?’’

‘‘दोन्ही मांड,’’ मी म्हटले. ‘‘आणि शेजारी मोजपट्टी ठेव.’’

नाना आले होते, काठी टेकत. बराच वेळ दोन्ही वलये मोजत उभे राहिले.