दीपनगरच्या चिमण्या आणि सरासरीतला मी

पुण्याहून मुक्ताईनगरला जाताना भुसावळ सोडलं की दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. लहानपणी त्या दिसल्या की घर आलं, एवढंच कळायचं.

2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा 'बंद करत नेण्या'ऐवजी 'कमी करत नेण्या'चा शब्द भारताने आग्रहाने घालून घेतला. फिजी, मार्शल बेटं यांनी उघड नाराजी दाखवली. मी तेव्हा म्हटलं, बरं झालं! अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतीय सुमारे 2 टन. मग आम्हालाच का शहाणपण?

मुद्दा खरा आहे. पण मालदीवच्या माणसाला तो ऐकवून बघा! तिथली बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम मीटरभर उंच. त्यांचं उत्सर्जन नगण्य, आणि वीज मुख्यतः आयात केलेल्या डिझेलवर.

खरं तर हे आम्हाला सहज कळायला हवं. हतनूर धरणाच्या फुगवट्यात आजोबांचं शेत गेलं. मोबदला मिळाला, शेत नाही. त्याच धरणाचं पाणी दीपनगरला जातं. आणि एवढं करून शेतातल्या पंपाला वीज यायची रात्री! बाबा बॅटरी घेऊन केळीला पाणी द्यायला जायचे. साप-विंचवांच्या भीतीने आई जागी.

आता गंमत बघा. ती 2 टनांची सरासरी कमी राहते ती बाबांसारख्यांमुळे. पुण्यात एसी लावून झोपणारा, वर्षातून चारदा विमानात बसणारा मी त्याच सरासरीमागे लपतो.

दीपनगरला अलीकडे 660 मेगावॅटचा नवा संच उभा राहिलाय. युनिटमागे 0.9 किलो धरा; पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला साधारण 14 हजार टन. उद्या तो बंद करा, असं मी म्हणणार नाही. सूर्य मावळल्यावर दिवे लागायला हवेतच. पण शेतीचे पंप दिवसा सौर विजेवर चालू शकतात. 2017 पासून राज्यात त्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आहे, धुळे जिल्ह्यात साक्रीला 2013 पासून 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. यापुढचा पैसा तिकडे आणि वीज साठवण्याकडे जावा.

यात मालदीववर उपकार नाहीत. बाबांना रात्री झोप मिळेल, हेच मला पुरे आहे.

आणि माझ्या एसीचं? त्याचं उत्तर अजून शोधतोय. तुमच्याकडे आहे?