कार्ड आहे, शल्यविशारद कोठे आहे?

इचोड्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. नागपूरकडून हैदराबादकडे जाताना आदिलाबाद मागे पडले की महामार्गावर जे गाव लागते, तेच हे इचोडा. मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि दखनी उर्दू या भाषा एकाच बाजारात ऐकू याव्यात असा तो मुलूख, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या मराठी घरांपैकी हे एक घर. पत्राच्या दुसऱ्याच ओळीत ‘माझा मुलगा’ हे शब्द खोडून त्यांवर ‘माझी मुलगी’ असे लिहिले आहे. पुढच्या दोन पानांत कोठेही खाडाखोड नाही. सर्वत्र मुलगीच म्हटले आहे. नाव छापू नये, गाव छापले तरी चालेल, कारण ‘गावाला माहीत आहेच’, असेही त्यांनी कळविले आहे.

ही मुलगी चोवीस वर्षांची असून हैदराबादेत नोकरी करते. चार वर्षांपासून ती स्त्री म्हणून राहते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली संप्रेरकांचे उपचार घेते, आणि आता तिला शस्त्रक्रिया करवून घ्यावयाची आहे. एका खाजगी रुग्णालयाने खर्चाचा जो आकडा सांगितला तो काही लाखांच्या घरातील आहे. तेवढा पैसा उभा करावयाचा तर कापसाचे शेत जाईल. भगिनींचा प्रश्न अगदी सरळ आहे: सरकारी विम्याचे कार्ड घेऊन गेल्यास ही शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद कोठे मिळेल? पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, आणखी एक वाक्य आहे. थोरले दीर म्हणतात, शिधापत्रिकेतून तिचे नाव कमी करून टाकावे, म्हणजे गावातले बोलणे तरी थांबेल.

भगिनी, आपल्या प्रश्नापेक्षा मला या शेवटच्या वाक्याचीच अधिक काळजी वाटली. म्हणून उत्तराचा आरंभ तेथूनच करतो.

आंध्र प्रदेश एकसंध असताना २००७ साली आरोग्यश्री योजना सुरू झाली. आरंभापासून ती पांढऱ्या शिधापत्रिकेशी बांधलेली होती. कुटुंब म्हणजे कोण, हे त्या पत्रिकेवरील नावांनी ठरत असे. तेलंगण राज्याने ९ डिसेंबर २०२३ रोजी या योजनेची मर्यादा पाच लाखांवरून दहा लाखांवर नेली, तीही कुटुंबासाठीच. त्याआधी, २०२१ साली, तेलंगण केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतही सामील झाले. तेथेही गणना कुटुंबाची. ज्या मुलाला वा मुलीला घराने नावातून वगळले, तिला या व्यवस्थेत उभे राहावयास जागा उरत नाही. दीरांच्या मनात बहुधा केवळ लोकापवाद असेल. परंतु एक नाव कमी करण्याचा अर्ज म्हणजे उद्याच्या रुग्णालयातील खाटेवर सोडलेले पाणी आहे, हे त्यांना समजावून सांगावे. वडीलधाऱ्या माणसाला हिशोबाची भाषा पटते. ती येथे नि:संकोच वापरावी.

याच अडचणीवर उपाय म्हणून केंद्र सरकारने वेगळी वाट काढली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नाल्सा’ खटल्यात तृतीयपंथी नागरिकांचे अधिकार मान्य केले. त्यानंतर २०१९ चा कायदा आला आणि १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. त्याच्या पंधराव्या कलमाने सरकारवर दोन गोष्टी सोपविल्या: लिंगपरिवर्तनाच्या शस्त्रक्रियेसह संप्रेरकांचे उपचार उपलब्ध करणे, आणि त्यांचा खर्च भागविणारी विमा योजना आणणे. २४ ऑगस्ट २०२२ रोजी सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात करार होऊन ‘आयुष्मान भारत टी. जी. प्लस’ ही योजना जाहीर झाली. तिच्यात दर वर्षी पाच लाखांचे संरक्षण त्या व्यक्तीच्या स्वत:च्या नावाने देऊ केले आहे, आणि त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवरील ओळखपत्र लागते. म्हणजे घराने नाव काढले तरी कार्ड मिळावे, अशी ही रचना. कल्पना चांगली आहे. पण कार्ड हातात येणे आणि त्या कार्डावर शस्त्रक्रिया करणारा माणूस भेटणे, या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर आहे, आणि आपल्या पत्रातील प्रश्न नेमका त्या अंतराविषयी आहे.

हे अंतर का पडले असावे? एक कारण पैशाचे. सरकारी विम्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम असते. तिला ‘पॅकेज’ म्हणतात. रुग्णालयाला योजनेत घेताना कोणकोणत्या शाखांसाठी घेतले हेही ठरलेले असते. दारावर योजनेची पाटी आहे म्हणून आतील प्रत्येक शस्त्रक्रिया योजनेत बसते असे नाही. योनिरचनेसारखी शस्त्रक्रिया काही तास चालते, तिला प्लास्टिक सर्जन लागतो, बहुधा मूत्रविकारांचा शल्यविशारदही लागतो, आणि खाट अनेक दिवस अडते. तेवढ्या रकमेत तेवढ्याच वेळात दुसऱ्या चार लहान शस्त्रक्रिया होतात, असा विचार खाजगी रुग्णालय करते. त्याला दोष देऊन फारसे काही साधणार नाही.

दुसरे कारण भयाचे आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमात पुंसत्वहरण ही जबर दुखापतीची पहिलीच व्याख्या होती. रुग्णाच्या संमतीने व त्याच्या हितासाठी केलेल्या उपचारांना कायद्यात संरक्षण असले, तरी पुष्कळ डॉक्टरांच्या मनातून ती धास्ती गेली नाही. तिसरे कारण असे की, हे कौशल्य थोड्याच ठिकाणी शिकावयास मिळते.

आता कोणी म्हणेल, सरकारी योजनेमागे कशाला लागावे, सरळ खाजगी विमा उतरवावा. तो मार्ग बंद आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातून वगळावयाच्या बाबींची जी प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली, तिच्यात सातवी बाब लिंगपरिवर्तनाच्या उपचारांची आहे. आपल्या घरातील पॉलिसी काढून पाहिल्यास बारीक अक्षरांत ती बहुधा सापडेल. सामान्य घराला सरकारी मार्गच उरतो तो असा.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. तेथील वृद्धांच्या सरकारी विम्याने, म्हणजे मेडिकेअरने, या शस्त्रक्रियांवर १९८० च्या दशकात घातलेली बंदी मे २०१४ मध्ये उठली. बंदी उठली तरी तो विमा स्वीकारणारा शल्यविशारद शोधण्याचे काम रुग्णाकडेच राहिले.

माझे मत असे झाले आहे की, आपल्यासारख्या घराने ‘कोणते रुग्णालय कार्ड घेते’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या सरकारी शिक्षण-रुग्णालयातील प्लास्टिक सर्जरी विभाग ही शस्त्रक्रिया करतो’ हा प्रश्न आधी विचारावा. पगारी शल्यविशारदाला पॅकेजच्या रकमेचा लाभ-तोटा पाहावा लागत नाही. तामिळनाडूने हे लवकर ओळखले. त्या राज्याने २००८ साली तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापिले आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य करण्याची सोय केली.

मराठी मुलखातील उदाहरण हवे असेल तर बीड जिल्ह्याचे घ्या. माजलगाव येथे पोलीस दलात नोकरीस असलेल्या ललिता साळवे यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. रजा नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, वर्तमानपत्रांतून गाजले, आणि अखेर शासनाने परवानगी दिली. २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात डॉ. रजत कपूर यांनी पहिल्या टप्प्याची शस्त्रक्रिया केली. पुढे ललित साळवे या नावाने त्यांनी नोकरी चालू ठेवली आणि २०२० साली विवाह केला. या हकीगतीत शल्यविशारद मिळण्यापेक्षा रजा मिळणेच कठीण ठरले, हे ध्यानात घ्यावे. सरकारी रुग्णालयात कौशल्य होते. तेथपर्यंत जाण्याची वाट कोणी आखून दिलेली नव्हती.

बीड काय, आदिलाबाद काय, दोन्ही एके काळी निजामाच्याच राज्यात. त्या राज्यात १३२९ फसलीचा, म्हणजे इ. स. १९१९ चा, एक कायदा होता. तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवावी आणि सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात दिसल्यास वॉरंटाशिवाय पकडावे, असे तो सांगे. निजामाचे राज्य गेले, हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले, तरी हा कायदा तेलंगणात पुस्तकांत राहिलाच. तेलंगण उच्च न्यायालयाने तो जुलै २०२३ मध्ये रद्द ठरविला. शंभराहून अधिक वर्षे जेथे साडी नेसणे हाच गुन्हा लिहून ठेवला होता, तेथील गावात दीरांसारखी माणसे बिचकतात, यात मला विशेष नवल वाटत नाही.

त्याच आदिलाबादची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील रिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. प्राची राठोड यांनी वैद्यकीय पदवी घेतली. त्या स्वत: पारलिंगी स्त्री आहेत. २०२२ साली हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयात त्यांची आणि डॉ. रूथ जॉन पॉल यांची नेमणूक झाली. तेलंगणच्या सरकारी सेवेतील पहिल्या पारलिंगी डॉक्टर म्हणून त्या दोघींचे नाव देशभर झाले. दीरांना हेही सांगावे. आपल्याच जिल्ह्याच्या गावी शिकलेली डॉक्टर आहे म्हटल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, असा अनुभव आहे.

मुलगी हैदराबादेत आहे, ही मोठीच सोय. तेथे जानेवारी २०२१ मध्ये ‘मित्र’ नावाचे पारलिंगी व्यक्तींसाठीचे उपचार केंद्र अमेरिकी मदतीवर सुरू झाले होते. ती मदत थांबल्याने जानेवारी २०२५ मध्ये ते बंद पडले, आणि त्याच वर्षी टाटा न्यासाच्या साह्याने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उघडले. अशा केंद्रात शस्त्रक्रिया होत नाही. परंतु कोणता शल्यविशारद कसा आहे, कोणत्या विभागात किती महिने थांबावे लागते, कोठे सन्मानाने वागवितात, हे तेथे येणाऱ्यांना कोणत्याही छापील यादीपेक्षा अधिक ठाऊक असते.

रुग्णालयात गेल्यावर योजनेच्या मेजावर ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. त्याला ‘शस्त्रक्रिया योजनेत आहे का’ असे मोघम विचारू नये. पॅकेजचे नाव काय, या रुग्णालयाची त्या शाखेसाठी नोंद आहे काय, आणि पूर्वमंजुरीसाठी कोणते कागद लागतील, असे विचारावे. उत्तर लिहून घ्यावे. केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ हा नि:शुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. मानसोपचारतज्ज्ञाचे आणि संप्रेरकांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे दाखले आधीच मिळवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधार, शिधापत्रिका, विम्याचे कार्ड आणि ओळखपत्र यांवरील नाव व लिंग एकसारखे असावे. एका कागदावर जुने नाव आणि दुसऱ्यावर नवे असले की संगणक मंजुरी अडवितो आणि मग कोणाचेच चालत नाही. ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते. त्याचे नियम मध्यंतरी बदलत आले आहेत, तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशीची रीत कार्यालयातच विचारून घेणे बरे.

नांदेड-नागपूरकडे आपले नातलग असतील. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले, आणि सोयरीक दोन राज्यांत विभागली गेली. आजारपणात पैनगंगा ओलांडून जाण्याची सवय त्यामुळे अद्याप टिकून आहे. पण विम्याच्या बाबतीत ती सवय अडचणीची ठरते. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे आणि आरोग्यश्री तेलंगणच्या. केंद्राचे आयुष्मान कार्ड मात्र देशात कोठेही नोंदलेल्या रुग्णालयात चालते. तेव्हा नागपूरला जावयाचे असल्यास ते कार्ड आणि त्या रुग्णालयातील पॅकेज, दोन्हींची खात्री झाल्यावरच निघावे.

एक कठोर गोष्टही लिहिणे भाग आहे. जेव्हा वाट लांबते तेव्हा ‘आम्ही स्वस्तात करून देतो’ म्हणणारी माणसे भेटतात. पूर्वी तृतीयपंथी समाजात दाईकडून हे काम होई. भूल नाही, रक्त थांबविण्याचे साधन नाही. त्यात जीव गेले. आज दाईची जागा काही ठिकाणी अर्धवट शिकलेल्या माणसाने आणि मागच्या खोलीतील टेबलाने घेतली आहे. वर्षभर थांबावे लागले तरी चालेल, पण त्या खोलीत पाऊल टाकू नये, असे मुलीला आईनेच सांगितले पाहिजे. परक्याने सांगितले तर ती ऐकेलच असे नाही. आणि घराचे दार बंद झालेले असेल तर सांगावयास आई समोर असणार नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ विमा फारसा पाहत नाही. आयुष्मान योजनेत घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या येतात. या शस्त्रक्रियेत नवी रचना आकुंचन पावू नये म्हणून अनेक महिने रोज काळजी घ्यावी लागते आणि पुन:पुन्हा तपासणी लागते. पहिले दीड-दोन महिने मुलीजवळ कोणी तरी राहावे. हैदराबादेत खोलीभाडे, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च घरूनच करावा लागेल, तेव्हा शेत विकावयाचे नसले तरी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. पुढे ती इचोड्यास आली तर लहानसहान तपासणी आदिलाबादच्या रिम्समध्ये होऊ शकेल. परंतु त्यासाठी काय केले आहे, कोणते टाके आहेत, काय झाल्यास तत्काळ परत पाठवावे, हे सारे हैदराबादच्या शल्यविशारदाकडून निघण्यापूर्वीच सुवाच्य अक्षरांत लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत आईने आपल्या ट्रंकेत ठेवावी.