हरवलेली खिडकी

शाळेच्या संगणकाला प्रोजेक्टर जोडला की त्याला दोन पडदे मिळतात, बरं का! विंडोजमध्ये ही सोय १९९८ साली, विंडोज ९८ मध्ये आली. पण कधी कधी पंचाईत होते. प्रोजेक्टर बंद केला, विज्ञान प्रदर्शनाची फाइल उघडली. खालच्या पट्टीवर तिचं नाव दिसतंय, पण खिडकीच गायब!

गेली कुठे? संगणक पडद्यावरची जागा ठिपके मोजून लक्षात ठेवतो. मुख्य पडदा १९२० ठिपके रुंद असेल, तर उजवीकडचा दुसरा पडदा तिथून पुढे सुरू होतो. प्रोजेक्टरचा दिवा विझला तरी वायर जोडलेली असली, की संगणकाला बहुधा वाटतं, पडदा आहेच! मग खिडकी तिकडेच उघडते, अंधारात.

अशा वेळी घाबरून संगणकाचं बटण बंद करायचं नाही. सेव्ह न केलेलं काम त्यानं पुसलं जाईल. त्याऐवजी ऑल्ट दाबून धरा आणि टॅब दाबत दाबत ती फाइल निवडा. आता विंडोजची कळ आणि शिफ्ट एकत्र दाबून धरा नि डावा बाण दाबा. खिडकी टुणकन इकडे!

नाही जमलं? विंडोजची कळ आणि पी दाबा. 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा. दुसरा पडदा बंद, खिडक्या मुख्य पडद्यावर हजर. मग काम आधी सेव्ह करा हं!

आणि हो, घरी आई-बाबांची खिडकी हरवली, तर आता तुम्हीच शोधून द्या!