निळा कोळी आणि काचेचा डबा

परवा सोलापूरला गेलो तर मावसभाऊ म्हणाला, "दादा, टॅरंटुला पाळायचाय, तो निळा. आपल्याकडचाच आहे की! डबा तू बनवून दे." इंजिनियर झाल्याची शिक्षा, दुसरं काय!

डबा बनेल हो. हा झाडाच्या ढोलीत राहणारा, म्हणून डबा उंच, आत उभी साल, पाण्याची वाटी, खायला रातकिडे. कात टाकताना तो उताणा पडतो, तेव्हा मेला समजून हात लावायचा नाही. पण मे महिन्यातली 42 डिग्री? लाइट गेली की माझा टेम्परेचर कंट्रोलर बंद! शिवाय मादी दहा-बारा वर्षं जगते. भाऊ नोकरीला पुण्याला गेला की मावशी रातकिडे पकडणार का?

खरा मुद्दा पुढेच आहे. हा 'आपल्याकडचा' कोळी जगात फक्त आंध्रातल्या नंद्याल-गिद्दलूरकडच्या जंगलात सापडतो, 100 चौरस किलोमीटरहून कमी जागेत. 2019 पासून त्याच्या व्यापारावर साइटिस कराराचं नियंत्रण आहे. विकणाऱ्यानं तो ढोलीतून उचलला की पैदास केला, आपल्याला कसं कळणार? माझ्या मते, कळत नसेल तर घेऊ नये.

भावाला तसं सांगितलं. रुसलाय. रुसू दे.