पाना आहे, स्कॅनर कुठे? नाशिकच्या गॅरेजांपुढचा नवा प्रश्न

सातपूर-अंबडला कामावर जाणाऱ्याची बाइक बंद पडली की आधी आठवतो कोपऱ्यावरचा मेकॅनिक. पण आता पाना-पक्कड पुरत नाही. का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या बाइकमध्ये कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातला बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. कारचा १६ पिनांचा स्कॅनर अनेक बाइकच्या ६ पिनांच्या सॉकेटला अडॅप्टरशिवाय बसत नाही. शिवाय कंपनीचे खास कोड साध्या स्कॅनरला वाचता येतीलच असं नाही.

निदानाची साधनं आणि सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला होता. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. त्यात वाहनंही आहेत. योग्य स्कॅनर परवडला नाही, तर मेकॅनिकचं गिऱ्हाईक जाईल आणि गिऱ्हाइकाचा पर्याय.