‘जाऊ द्या, आपण ख्रिस्ती आहोत’

पोस्ट लांब आहे. आपल्या तालुक्यातल्या ख्रिस्ती लोकांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांना मनाई नाही.

हे वरचं वाक्य मी पत्रकारितेत आल्यापासून ऐकतोय. दफनभूमीच्या हद्दीत कोणाचं तरी पत्र्याचं शेड उभं राहिलं, तेव्हा ऐकलं. कॅरल गात फिरणाऱ्या पोरांना चौकात अडवून कानफटात मारल्या, तेव्हाही ऐकलं. आता एका वस्तीवर घरात चाललेली प्रार्थना दहा-बारा जणांनी घुसून बंद पाडली. पेटी फोडली, एका म्हाताऱ्या बाईला ढकलून दिलं. पोलीस आले आणि गाडीत बसवलं कोणाला, तर पाळकाला! रात्री उशिरा सोडलं, ते ‘यापुढे घरात प्रार्थना भरवणार नाही’ असं लिहून घेऊन. घुसणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठल्या कागदावर नाही.

मी बातमी करायला गेलो तर मंडळीच्या पंचांनी हात जोडले. “भाऊ, नका छापू. आपण क्षमा केलीय. प्रभूनं दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय.”

मी विचारलं, ज्या आजींना ढकललं त्यांना विचारलं का? कोणी काही बोललं नाही. म्हणजे ढकललं आजींना आणि क्षमा केली पंचांनी. दुसऱ्याचा गाल पुढे करायचा अधिकार पंचांना कोणी दिला?

मी याच समाजात वाढलोय, म्हणून स्पष्ट बोलतो. ही भीती आहे आणि तिला आपण बायबलचा सदरा घातलाय. भीती वाटणं हा गुन्हा नाही. वस्तीवर आपली चारच घरं, मजुरीला त्यांच्याच रानात जायचं, दुकान त्यांचं, ट्रॅक्टर त्यांचा. भीती वाटणारच. पण मग तिला भीतीच म्हणा. प्रभूच्या नावावर खपवू नका.

दुसऱ्या गालाची शिकवण ज्यानं दिली त्यालाच थप्पड बसली, तेव्हा त्यानं काय केलं हे योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. रविवारी त्यावर प्रवचन फारसं होत नाही. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायानं येशूच्या तोंडात मारली. येशूनं हात उगारला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. पण गप्पही बसला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मारलंस का, असं भर चौकशीत विचारलं. मारणाऱ्याकडे जाब मागणं आणि क्षमा करणं, दोन्ही एकाच माणसात बसतं.

आणि पौल. फिलिप्पैची गोष्ट आपल्या पोरांनाही संडे स्कूलपासून पाठ आहे. पौल आणि सीला यांना चौकशी न करता भर बाजारात छड्यांनी मारलं, तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःचा जीव घ्यायला निघाला, पौलानं त्याला वाचवलं. त्याच माणसानं मग त्यांच्या जखमा धुतल्या. इथपर्यंत आपण गोडीनं सांगतो आणि गोष्ट संपवतो. खरी गंमत सकाळी आहे.

सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. आपले पंच असते तर ‘प्रभूची कृपा’ म्हणून मागच्या दारानं घरी गेले असते. पौल हललाच नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता होय? स्वतः या आणि आम्हाला बाहेर काढा, असा उलटा निरोप त्यानं पाठवला. अधिकारी घाबरले, आले आणि त्यांनी विनवण्या केल्या. एकाच रात्रीत, एकाच प्रकरणात, ज्यानं खोड्यात घातलं त्याला पौलानं जवळ केलं आणि ज्यांनी कायदा मोडला त्यांना यायला लावलं.

हा पौलाचा अहंकार होता का? मला नाही वाटत. पौल पुढच्या गावाला जाणार होता. पण त्या गावात लुदिया राहणार होती, तो तुरुंगाचा अधिकारी आणि त्याचं घरदार राहणार होतं. तो मुकाट निघून गेला असता तर उद्या यांच्यावर कोणीही हात टाकला असता. आपण ‘जाऊ द्या’ म्हणतो तेव्हा पुढच्या वस्तीवरच्या घराचा नंबर लावून देतो.

‘पण ग्लॅडिस स्टेन्सनी क्षमा केली ना?’ हा प्रश्न येणारच. केली. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत जिवंत जाळले गेले. त्या बाईंनी जाहीर क्षमा केली आणि पुढची काही वर्षं बारीपदालाच कुष्ठरुग्णांची सेवा केली. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पण त्यांच्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. सीबीआयनं तपास केला, दारासिंगला शिक्षा झाली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची जन्मठेप कायम केली. बाईंनी मनातला द्वेष सोडला, न्यायाचं काम न्यायालयाकडे राहू दिलं. आणि क्षमा त्यांनी केली, कारण गेलेली माणसं त्यांची होती. त्यांच्या वतीनं कुठल्या पंचानं नाही केली.

त्याच ओडिशात २००८ ला कंधमाळ पेटलं. कटकचे आर्चबिशप राफाएल चिनाथ प्रार्थना करत नुसते बसले नाहीत, सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला २ ऑगस्ट २०१६ ला. आठ वर्षं. वाढीव भरपाईचा आदेश निघाला. ८२७ गुन्ह्यांपैकी ३१५ पोलिसांनी तपासातच बंद केले होते, ते पुन्हा तपासायला न्यायालयानं सांगितलं. त्याच महिन्यात आर्चबिशप वारले. पुरता न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. पण बंद फायली उघडायला सांगता आल्या, कारण फायली होत्या. आपल्या तालुक्यात फाईलच नाही!

आता तरुण पोरांना दोन शब्द. स्टेटसला ‘देव बघून घेईल एकेकाला’ टाकता, ती क्षमा नव्हे. ती देवाला दिलेली सुपारी आहे. आणि दगडाला दगड हा मार्ग तर नाहीच, त्यात मार खाणारी पहिली तीच चार घरं असतात.

काही पाळकांनाही सांगायचंय. ‘कॅन्सर हमखास बरा’ असे बोर्ड लावाल आणि कोणी तक्रार केली की ‘छळ होतोय’ म्हणाल, तर मी तुमच्या बाजूला नाही. स्वतःच्या चुकीबद्दल मार खाण्यात मोठेपणा नाही, हे पेत्रानंच लिहून ठेवलंय.

ज्यांनी काही केलं नाही, फक्त घरात बसून प्रार्थना केली, त्यांच्यासाठी कामाचं सांगतो. धार्मिक सभेत मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. हा दखलपात्र गुन्हा आहे, ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो, नुसत्या एनसीवर भागत नाही. नोंदवल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात नाही म्हणाले तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. घरात प्रार्थना करणार नाही असं लिहून घ्यायचा अधिकार कुठल्याही ठाण्याला नाही. राज्यघटनेचं कलम २५ सगळ्यांना आहे, आपल्यालाही. असं कोणाकडून लिहून घेतलं असेल तर त्या कागदाची प्रत मागा.

अर्ज लिहायला अडचण असेल तर इनबॉक्सला या. एक वकील मित्र आणि मी शनिवारी संध्याकाळी बसतोय, पैसे लागणार नाहीत. मोबाईलमधले व्हिडिओ उडवू नका. पंचांची परवानगी घेऊन यायची गरज नाही.